स्क्रीनच्या खाली राहिलेले प्रश्न

अकरावीला मी जुन्नरला कॉलेजात आले. आमचं गाव भीमाशंकरच्या डोंगरातलं. घरी भात आणि नाचणीची शेती. फोनला रेंज धरायला टेकाडावर जावं लागे, आणि कॉम्प्युटर मी फक्त शाळेत, कापडाखाली झाकलेला पाहिला होता.

कॉलेजातली पहिली चाचणी कॉम्प्युटरवर झाली; उत्तरावर माऊसचं बटण कसं दाबायचं, तेवढं सरांनी आधी दाखवलं. विषय सामान्य ज्ञान, माझा आवडता. दिसले ते प्रश्न मी भराभर सोडवले आणि हाताची घडी घालून बसले. बाकीच्या मुली अजून खटखट करत होत्या. आधी मला गंमत वाटली. मग धास्ती वाटू लागली. आपलं काही चुकलं तर नाही?

निकालात मी शेवटून दुसरी. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "अभ्यासच केलेला दिसत नाही."

शेजारी बसणारी मैत्रीण पेठेतल्या कापड दुकानदाराची मुलगी. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "अगं, खालचे प्रश्न का सोडलेस?"

"खालचे? दिसत व्हते तेवढे सोडवले की."

"माऊसचं चाक फिरवून खाली जायचं ना!" ती हसली, आणि माझा चेहरा बघून म्हणाली, "चल आमच्या दुकानात, दाखवते."

मग दुपारी ती मला दुकानात न्यायला लागली. गिऱ्हाईक नसलं की तिचे वडील बिलाच्या कॉम्प्युटरपासून उठायचे. "बस बेटा, मोडत नाही ते."

मी एकदा तिला विचारलं, "तुला कुणी शिकवलं हे सगळं?"

ती विचारात पडली. "कुणी नाही गं. घरी असतंच ना."

ते ऐकलं आणि माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. दिवाळीत घरी गेले, तर दादा, माझे वडील, भात झोडत होते. त्यांना सगळं सांगितलं.

"उत्तरं येत व्हती ना तुला?"

"येत व्हती."

"मग सरांना सांगायचं व्हतं तसं."

माऊसचं चाक फिरवायचं माहीत नव्हतं, हे मी सरांना कसं सांगणार होते? ते पुन्हा झोडायला लागले आणि मी नुसतीच खळ्यात येरझाऱ्या घालत राहिले.

पुढच्या चाचणीत मी वर्गात तिसरी आले. सर म्हणाले, "आता कसा अभ्यास केलास!" अभ्यास मी तेवढाच केला होता.

मैत्रीण आज पुण्यात इंजिनिअर आहे. मी घोडेगावला एका ऑफिसात कॉम्प्युटरवरच काम करते, आणि साहेब कामावर खूश आहेत. तरी नवी सिस्टीम आली की मी उशिरापर्यंत थांबते. बाकीचे पटापट शिकून घरी जातात. मी एकेक बटण दाबून बघत बसते, खाली काही राहिलं तर नाही ना.