टॉमी अजून वर आहे

मंडळी, आधीच सांगते, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. डॉक्टर आहे मी. बारा तासांची ड्युटी करून घरी आल्यावर भूत दिसलंच, तर म्हणेन, बाबा रे, आधी चहा टाक!

२००५च्या आसपासची गोष्ट. ग्लासगोहून तासाभरावरचं, समुद्रकाठचं छोटं हॉस्पिटल. म्हाताऱ्या पेशंट्सचा वॉर्ड, कोपऱ्यातली एकट्याची खोली. तिथे आर्थर – वय नव्वदीकडे, खुब्याचं हाड मोडलेलं, कुशीवर वळायलाही दोन नर्स लागायच्या. मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणायचे.

महायुद्धात ते फायटर पायलट तयार करणाऱ्या ट्रेनिंग स्क्वाड्रनमध्ये इन्स्ट्रक्टर होते. धावपट्टी जवळच होती, आता तिथे मेंढ्या चरतात. "पोरं विशीतली. थोडं शिकवायचं की एकट्याला वर धाडायचं. जर्मन दिसायच्या आधीच कितीतरी गेली... धुक्यात, समुद्रात," ते सांगायचे. त्यांच्या मेसचा एक नियम होता – वर गेलेला प्रत्येक जण उतरल्याशिवाय कोणी जेवायला बसायचं नाही.

आणि आता आजोबांनी जेवणच सोडलं होतं. प्लेट पुढे केली की एकच – "टॉमी अजून वर आहे." टॉमी म्हणजे त्यांचा एक शिकाऊ पायलट, समुद्रावर उडाला तो परतलाच नव्हता. आजोबांची मुलगी कॅनडाहून निघाली होती, शुक्रवारी पोचणार. तोवर हे टिकतात की नाही, याचीच धास्ती. नाकातून नळी घालू देत नव्हते. समजावून समजावून आम्ही सगळे थकलो.

गुरुवारी दुपारी मी अगदी मेटाकुटीला आले, आणि तोंडातून आईचं वाक्य निघालं, इंग्रजीत. "आमच्याकडे उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठेवतात. तुम्ही जेवून घ्या, टॉमीचं मी झाकून ठेवते."

आजोबांनी विचार केला. "गरम राहील?"

"राहील."

ट्रॉलीवरून दुसरी प्लेट घेतली, झाकण घालून पलंगाजवळच्या रिकाम्या खुर्चीसमोर टेबलावर ठेवली आणि दाराला टेकून उभी राहिले. आजोबा जेवले हो! हळूहळू स्ट्यू, मग कस्टर्ड. मला रडूच फुटलं.

नंतर नर्सने त्या दुसऱ्या प्लेटवरचं झाकण उचललं. प्लेट चाटूनपुसून साफ. खुर्चीची गादी ओलीचिंब, तिला समुद्राचा वास. अहो, दारात मी उभी! आत कोणी गेलं नव्हतं. नवरा म्हणतो, तुला डुलकी लागली असणार. असेलही, थकले होतेच. पण मग जेवलं कोण?

आजोबांना विचारलं, "कोण आलं होतं?"

"टॉमी. उशीर झाला, सॉरी सर, म्हणत होता." मग डोळे मिटून म्हणाले, "ओरडलो नाही मी त्याला."

"बरं केलंत," मी म्हटलं.

मुलगी शुक्रवारी पोचली. बापलेकींनी एकत्र नाश्ता केला. रविवारी तिचा हात हातात असतानाच ते गेले. 'डॅड जेवायला कसे लागले,' असं तिने मला विचारलं होतं. मला सांगता आलं नाही. आजही येत नाही.