मामाजींच्या नकला आणि मेलबर्नचे व्याही

माझ्या बायकोच्या मामांनी ज्याची नक्कल केली नाही असा माणूस नागपुरात मिळणं कठीण. मिळालाच तर तो मामाजींना अजून भेटायचा असेल. माझी तर त्यांनी माझ्याच लग्नाच्या मांडवात केली. अक्षता पडताच दचकून चष्मा सावरणारा मी इतका हुबेहूब झाला की माझी सख्खी आई पदर तोंडाला लावून हसत होती. जाड्यांची चाल, सावळ्या नवरीचं पावडर थापणं, पारशिवनीकडच्या पाहुण्यांचं रामदासपेठेत रस्ता ओलांडणं, त्यांना काहीच वर्ज्य नव्हतं. नंदनवनातल्या कुठल्याही लग्नात जेवणं आटोपत आली की हाका सुरू व्हायच्या, "मामाजी, टेलर होऊन जाऊ द्या!"

टेलर म्हणजे त्यांच्या शेजारचे टेलरभाऊ. ते तोतरं बोलतात. 'पँट तयार नाही' हे त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत पँट शिवून होते, ही मामाजींची सगळ्यात गाजलेली नक्कल. मीही पोट धरधरून हसलो आहे, आता साळसूदपणाचा आव कशाला आणू? टेलरभाऊ मात्र ती बघायला कधी नसायचे. वडाभात वाढायला आला की "दु-दुकान उघडं आहे" म्हणत ते भरल्या पंगतीतून उठायचे.

मग मामाजी मुलीकडे मेलबर्नला गेले. जावई तिथलाच. त्याचे वडील ट्रक चालवून निवृत्त झालेले, आणि ते तर तिकडचे मामाजीच निघाले! ते जेवताना विनोद सांगायचे आणि घरातली तरुण मंडळी आपापल्या ताटात बघत बसायची. "यावरच टीव्हीसमोर सगळा देश हसायचा," अशी बिचाऱ्यांची तक्रार. मुलगी मामाजींना समजवायची, "बाबा, आधी चालत होतं. आता इथं कोणी नाही हसत." मामाजींना व्याह्यांची फार कीव यायची.

एका रविवारी व्याह्यांनी पाहुण्याच्या सन्मानार्थ आपली जुनी, खास नक्कल काढली. भारतीय दुकानदार! डुलणारी मान, जोडलेले हात, इंग्रजीचा चुराडा. जावई शरमेनं लाल झाला. टेबलावर एकटे मामाजी हसले, अगदी मोठ्यानं. मुलीनं स्वयंपाकघरात विचारलं, "बाबा, काहून हसले?" तर म्हणाले, "त्याचं मन काहून मोडू वं? पण मले उठून जावंसं वाटून राहिलं होतं. दुकान उघडं आहे म्हणून."

हे बोलले आणि स्वतःच गप्प झाले, असं तिनं मला फोनवर सांगितलं.

परत आल्यावर पहिलंच लग्न. वडाभात आला, हाका सुरू झाल्या, टेलरभाऊ उठले. मामाजींनी त्यांचा हात धरला. "बस गा भाऊ. आज तुझी नाही." आणि त्यांनी स्वतःची नक्कल केली, परक्या टेबलावर हात जोडून खोटं हसणारा म्हातारा. खरं सांगायचं तर ती काही खास झाली नाही. लोक थोडेसे हसले आणि जेवायला लागले. टेलरभाऊंनी मात्र भात दोनदा घेतला, पान खाल्लं, आणि नवरीच्या ब्लाउजबद्दल आपल्याला हवा तितका वेळ घेऊन बोलले. मामाजी मान खाली घालून ऐकत होते.

आता लग्नात त्यांना कोणी हाका मारत नाही. मला ते जुने मामाजी आठवतात, आणि आठवले की थोडी लाजही वाटते. त्या दिवशी घरी जाताना ते माझा हात धरून चालत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "जवाईबापू, इतकी वर्षं मले वाटे, त्याचं दुकान खूप चालते."