खडीचा आवाज

माझ्या स्टुडिओत शिरताना संदेश चपला दाराबाहेर काढायचा, माईकसमोर उभा राहायचा आणि एका दमात रॅप सुरू करायचा. मध्ये एखादा शब्द जरी अडखळला तरी हात वर करून थांबायचा. मग बाहेर जाऊन चपला घालायचा, जिना उतरून खाली चहा प्यायचा, वर यायचा, पुन्हा चपला काढायचा आणि पहिल्या शब्दापासून सगळं परत. मी कपाळावर हात मारून घ्यायचे. "अरे बाबा, चुकलेली ओळ तेवढी म्हण, मी जोडून देते. पुढाऱ्यांची अख्खी भाषणं जोडते मी, तुझं काय घेऊन बसलास?" त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "नको ताई. जोडलेलं मला कळतं."

माझा स्टुडिओ म्हणजे बुधवार पेठेत इलेक्ट्रिकच्या दुकानांवरच्या मजल्यावरची एक खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, पंखा रेकॉर्डिंगच्या वेळी बंद. मंडळांच्या घोषणा, निवडणुकीच्या रिक्षांवरचा आरडाओरडा, भजनी मंडळांच्या सीड्या, असली कामं मी करते. त्या खोलीत हा उंच, काळासावळा, गालफडं बसलेला मुलगा आला आणि म्हणाला, "ताई, मला खडी म्हणतात." खडीमशीन चौकाच्या वरच्या अंगाला, टेकडीवरच्या वस्तीत राहायचा म्हणून खडी. आवाजही तसाच, ट्रकमधून खडी ओतावी तसा. मी म्हटलं, "आईवडिलांनी ठेवलेलं नाव काय ते सांग, पावतीवर खडी लिहायला मी बिल्डर नाही." तो हसला नाही. "संदेश," म्हणाला, आणि चपला काढायला बाहेर गेला.

आज त्याच्याबद्दल लिहायला बसलेय ती मायेने नाही, रागाने. हे आधीच सांगून टाकते. ज्यांना गोड आठवणी वाचायच्या असतील त्यांनी दुसरं काही वाचावं.

पहिल्यांदा त्याने म्हटलेल्या ओळी मला अजून पाठ आहेत.

पत्ता विचारतोस? टाकीच्या मागे,
पाणी आलं की गल्ली जागे.
नळाला तोंड नाही, आम्हाला आहे,
ऐकायचं नसेल तर रस्ता मोकळा आहे.

लिहिलेलं वाचून काही वाटणार नाही. ऐकायला हवं होतं. एकेक अक्षर स्वच्छ. 'पाणी'तला ण, 'नळा'तला ळ, असे की माझ्या सदाशिव पेठेतल्या शाळेच्या बाईंनीही मान डोलावली असती. मी विचारलं, "कुठल्या शाळेत शिकलास रे?" तर म्हणाला, "शाळेत काय शिकलो ते विचारू नका. हे आईचं आहे."

आई म्हणजे सुमनताई. अंगणवाडीत शिकवायच्या. नवरा लवकर गेला, घरात बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती आणि हा एक पोरगा. एकदा मी त्यांच्या घरी गेले होते तेव्हा गल्लीतलं एक पोर दारातून ओरडलं, "काकू, पानी आलं." सुमनताईंनी हंडा उचलला नाही. आधी पोराला थांबवलं. "पाणी. जीभ वर लाव. म्हण, पाणी." पोराने म्हटलं, मग त्यांनी हंडा उचलला. संदेश मला हळूच म्हणाला, "आमच्याकडे पाणी गेलं तरी चालेल ताई, ण जाता कामा नये." असा वाढलेला तो. बोलणं ही या घराची एकुलती एक इस्टेट होती म्हणा ना.

मग एक दिवस ते दिग्दर्शक महाशय माझा जिना चढून वर आले. दाढी, गळ्यात मफलर, उन्हाळ्यात. त्यांनी कुठल्याशा कॉलेजात संदेशला ऐकलं होतं. "मला हाच हवाय. काय रॉ आहे! काय आग आहे!" असं दहा वेळा म्हणाले. सिनेमात भाईच्या टोळीतल्या आणि शेवटी भाईवरच उलटणाऱ्या पोराची भूमिका होती. संदेशने एकच प्रश्न विचारला. "मी बोलणार ना त्यात?" महाशय मोठ्याने हसले. "अरे, तुझ्या आवाजासाठीच तर घेतोय तुला!" मी तिथेच बसले होते. माझ्या कानांनी ऐकलंय.

आणि पोराने काम चांगलं केलं, हे कुणी नाकारू नये. शूटिंग मंडईत होतं, मी बघायला गेले होते. त्याला भाजीची पाटी लाथेने उडवायची होती. उडवली, डोळ्यांत असा जाळ की मीही दोन पावलं मागे सरले. आणि 'कट' म्हटल्याबरोबर हा गुडघ्यांवर बसून टोमॅटो गोळा करतोय! पाटीवाल्या मावशी ओरडल्या, "आधी लाथा मारायच्या आन् मंग येचायचं, कसलं रं नाटक तुझं?" तो म्हणाला, "मावशी, लाथ सिनेमाची आहे, टोमॅटो तुमचे आहेत." सगळी मंडई हसली. त्या दिवशी मला वाटलं, हा मुलगा आता कुठल्या कुठे जाणार.

मंडईतल्या त्या गोंगाटात रेकॉर्ड केलेला आवाज वापरण्याजोगा नव्हता. म्हणून डबिंग करायचं ठरलं. पडद्यावर स्वतःचे ओठ बघत तेच वाक्य पुन्हा बोलायचं, तुकड्या-तुकड्यानं. संदेश मला म्हणाला, "ताई, तुम्ही चला. मला तिथलं काही कळत नाही." मी त्याच्याबरोबर कोथरूडला गेले. चकचकीत स्टुडिओ, गार हवा, कॉफीचं मशीन. आणि तिथे या शहाण्याने तेच केलं जे तो माझ्याकडे करायचा. वाक्य ओठांशी जुळलं नाही की हात वर, बाहेर जाऊन चपला, जिना, चहा, परत वर. आणि पुन्हा म्हणताना शब्द बदललेला! कारण तेच वाक्य जसंच्या तसं दोनदा म्हणणं त्याला जमतच नव्हतं. प्रत्येक वेळी तो ते नव्याने बोलायचा. मी बाजूला घेऊन झापलं. "गाढवा, हे रॅप नाही. पोपटासारखं म्हण आणि मोकळा हो." तो घामाघूम झाला होता. "प्रयत्न करतोय ताई. पण मी रागावलोय असं मला दिसतंय पडद्यावर, आणि इथे राग येत नाहीये. एसी आहे."

तो चुकला, मान्य. ते लोक थोडं थांबले असते तर शिकला असता. पण महाशयांना दुसरंच काही खटकत होतं. काचेमागून त्यांचा आवाज आला. "संदेश, तू ना फार शुद्ध बोलतोयस. जरा रॉ कर. तू वस्तीतला आहेस ना?"

संदेश माईकजवळ तसाच उभा राहिला. "आहे. म्हणूनच असा बोलतो."

"अरे, पण प्रेक्षकाला तू खरा वाटणार नाहीस!"

ऐकलंत? जो जन्मापासून त्या टेकडीवर राहिला तो खरा वाटणार नाही, आणि खरं कसं असतं ते मफलरवाल्यांना माहीत! संध्याकाळी महाशयांनी त्याला सांगितलं, "तू जा, बाकीचं आम्ही बघतो." आम्ही दोघंही बावळट. आम्हाला वाटलं, जुळवून घेतील.

सिनेमा लागला त्या दिवशी संदेशने अख्खी गल्ली थिएटरात नेली. सुमनताई नवी साडी नेसून माझ्या शेजारी बसल्या होत्या, पलीकडे संदेश. पडद्यावर तो आला, गल्लीने शिट्ट्या मारल्या. त्याने तोंड उघडलं.

दुसराच माणूस बोलला.

कुणीतरी गुळगुळीत गळ्याचा कलाकार, घशातून घरघर काढत, 'हाय' आणि 'न्हाय' पेरत बोलत होता. लोकांच्या बोलीला मी नावं ठेवत नाही. माझं सासर शिरूरकडचं, तिथे सगळे 'हाय' म्हणतात आणि इतकं गोड म्हणतात की ऐकत बसावं. पण ही कुणाचीच बोली नव्हती. ही गार खोलीत बसून, गरीब माणूस असा बोलत असेल बुवा, असा अंदाज बांधून काढलेली होती. "पानी पन पेटंल, म्या न्हाय इझायचो!" असं ते वाक्य. पाणी पेटतं कसं, हा प्रश्न एकालाही पडला नाही. थिएटर टाळ्यांनी दणाणलं.

सुमनताई माझ्या कानाशी वाकल्या. "अहो ताई, हे कोण बोलतंय?"

त्यांनी संदेशकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता, आणि मागच्या रांगेतले मित्र त्याच्या पाठीवर थापा मारत होते.

मी घरी जाऊन महाशयांना फोन लावला. "तुम्ही त्याच्या आवाजासाठी घेतलं होतंत ना त्याला?"

"अहो मॅडम, असं सगळीकडे होतं. करारात आहे ते. आणि बघा ना, डायलॉग केवढा हिट झालाय! फायदा त्याचाच आहे."

"तुमचा चेहरा ठेवून आत दुसऱ्याला बसवलं तर चालेल तुम्हाला?"

"तुम्ही इमोशनल होताय," म्हणाले. हो, होतेय. होणारच. निर्लज्ज मेला, असं तोंडावर म्हणून मी फोन ठेवला. अजूनही मला त्याचा पश्चात्ताप नाही.

आता पुढचं ऐका. तो डायलॉग पोरापोरांच्या तोंडी झाला आणि संदेशला कार्यक्रमांची बोलावणी येऊ लागली. एका कॉलेजच्या कार्यक्रमाला साउंड माझा होता. तो टाकीवालं रॅप म्हणायला उभा राहिला तर समोरून एकच ओरडा. "डायलॉग! डायलॉग!" त्याने म्हटला, स्वतःच्या आवाजात. मग पुढून कुणीतरी ओरडलं, "भावा, आवाज बसलाय का?" सगळे हसले.

संदेशने माईक तोंडाशी धरला. "तो माझा आवाज नाही. सिनेमात दुसऱ्याने दिलाय. माझा हा आहे. मी असाच बोलतो."

पोरं आणखी हसली. त्यांना वाटलं, विनोद करतोय. त्याने परत सांगितलं, आवाज चढवून, "मी खरं सांगतोय!" त्यावर टाळ्या, शिट्ट्या, "कडक!" मी माझ्या टेबलामागून बघत होते. मला वाटलं आता हा माईक फेकून मारतो कुणाला तरी. मारला असता तर बरं झालं असतं. पण त्याने घसा खाकरला आणि तो डायलॉग म्हटला. त्या दुसऱ्या माणसाच्या आवाजात. हुबेहूब. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं.

त्यानंतर मालिकेचं आलं. टीव्हीवरची, रोजची, मुंबईत राहून करायची. बड्या घरच्या ड्रायव्हरची भूमिका, महत्त्वाची. अट एकच, आवाज सिनेमातला हवा. तो सांगायला आला तेव्हा मी भजनाचं काम बाजूला ठेवून उभी राहिले.

"नाही म्हणून सांग."

"ताई, लोड नका घेऊ."

"लोड? तुझी आई त्या 'ण'साठी गल्लीतल्या पोरांच्या मागे लागते, आणि तू रोज रात्री घराघरांत जाऊन पानी पानी करणार? त्या मफलरवाल्याने एकदा तुझं तोंड बंद केलं. आता तू स्वतः करतोयस!"

"मला काम करायचंय ताई. मला अभिनय आवडतो. खरंच आवडतो." तो शांतपणे बोलत होता, त्यानेच मी जास्त पेटले. "मंडईत ती लाथ मारली ना, तेव्हा कळलं मला, हे मला येतं. आता माझ्या आवाजात येऊ देत नाहीत तर काय करू? घरी बसू?"

"लढ ना!"

"लढलो की. तुम्ही होता तिथे. खरं सांगितलं तर हसले. खोटं बोललो तर डोक्यावर घेतलं." मग माईककडे बघत म्हणाला, "माझा आवाज तुम्हाला आणि आईला आवडतो. दोघींवर मालिका चालत नाही, ताई."

वादात हरले की मी ओरडते. मी म्हटलं, "चालता हो." तो वाकून पाया पडला आणि गेला. जिन्यातून त्याच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

मालिका जोरात चालली आहे. माझ्या खालचा दुकानदार मला कौतुकाने सांगतो, "तुमचा खडी काय काम करतो हो!" करतो. डोळ्यांनी करतो, हातांनी करतो, मी बघितलंय. पण तो बोलायला लागला की मी उठून स्वयंपाकघरात जाते आणि भांडी आदळते. राग कुणावर, असं नवरा विचारतो. महाशयांवर, त्या हसणाऱ्या पोरांवर, टाळ्या वाजवणाऱ्या तुमच्या-आमच्यावर. संदेशवर होता. आता नाही. त्याने काय करायला हवं होतं ते मी अजूनही कुणाला सांगू शकत नाही.

परवा सुमनताईंना भेटायला गेले. त्याचं घर आता रंगवलेलं आहे, भिंतीवर मोठा टीव्ही आहे. मालिकेची वेळ झाली होती. सुमनताई टीव्हीसमोर अगदी जवळ स्टूल ओढून बसल्या होत्या. पडद्यावर संदेश गाडीचं दार उघडत होता, कुणाशी तरी भांडत होता, आणि खोलीत चिडीचूप. मला वाटलं टीव्ही बिघडलाय. मी रिमोट उचलला.

"राहू द्या ताई," पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "आवाज बंद ठेवला की माझाच मुलगा दिसतो."