चार दिवसांसाठी आणलेली लाल गाडी

जालन्याला गेले होते ते अंगणातल्या शेडवर टाकायचे पत्रे घ्यायला. व्यापारी मारवाडी, आमच्या घराच्या दोन पिढ्यांच्या ओळखीचा. पत्रे दाखवायला त्याने मला मागच्या गोदामात नेलं आणि तिथे, सळयांच्या ढिगाआड, धुळीने माखलेली ती उभी होती. लाल. इटालियन कंपनीची. चार दारं, मागे ऐसपैस डिकी, म्हणजे दिसायला अगदी घरगुती. पण इंजिन पळायला बनवलेलं. त्याच्या मुलाने पुण्यात असताना हौसेने घेतली होती. मुलगा परदेशी गेला, कंपनीने आपल्याकडे गाड्या विकणं बंद केलं आणि ही गोदामात येऊन पडली. किंमत ऐकून मला वाटलं, माणूस थट्टा करतोय. तेवढ्या पैशांत हल्ली एखादी चांगली मोटारसायकल येते.

"चार दिवस घेऊन जा मॅडम," तो म्हणाला. "चालवून बघा. पटली तर ठेवा, न्हाई पटली तर आणून लावा. घाई बिलकुल न्हाई."

मी पन्नाशी ओलांडलेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवणारी बाई. जन्मभर जे घेतलं ते कामाचं. साडीसुद्धा मळखाऊ रंगाची. घरातली पांढरी गाडी घेतली तीही शेताच्या रस्त्याला टिकेल म्हणून, आणि ती चालवतो नवरा. मी रीतसर शिकून लायसन काढलेलं, ते पर्समध्ये. नुसती आवडली म्हणून एकही वस्तू मी कधी घेतली नव्हती, आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता.

तरी पत्रे टेम्पोने पाठवले आणि किल्ली घेतली.

शहर मागे पडलं. तिसरा गिअर टाकून पाय जरासा दाबला आणि गाडी सुसाट सुटली. मी एकटीच मोठ्याने हसले. पुढचा कापसाचा ट्रक बघता बघता मागे गेला आणि मी पुन्हा हसले. गाडी इतकी ठेंगणी की गतिरोधक आला की तिरपी घालावी लागे, नाहीतर पोट घासायचं. मंठ्याला घरी पोचेपर्यंत ते किती वेळा घासलं, हे मी नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

नवऱ्याने गाडीला एक फेरी मारली आणि सुरू झाला. "पार्ट मिळणार न्हाईत. इथला एकबी मिस्त्री हिचं बोनेट उघडणार न्हाई. पेट्रोल पीत राहील नुसती. अन् शेतात नेली तर तिथंच राहील."

सगळं बरोबर होतं. मला वाद घालायला जागाच नव्हती, आणि मी तर वाद घालणारी बाई. मग मी वहीत दोन रकाने काढले. घेऊ नये, त्याची कारणं डावीकडे. घ्यावी, त्याची उजवीकडे. डावा रकाना भरून पान उलटावं लागलं. उजवीकडे एकच शब्द लिहिला होता: लाल. थोड्या वेळाने तोही खोडला. वर्गात पोरांनी असं उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

तीन दिवस मी ती गाडी घेऊन शाळेत गेले. शाळा घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. तरी लांबच्या रस्त्याने गेले, तिन्ही दिवस. चौथ्या दिवशी संध्याकाळी गाडी परत न्यायची, असं मनाशी ठरवून टाकलं आणि त्या दिवशी मुद्दाम पायी गेले. सवय मोडलेली बरी.

दुपारी परत आले तर दारात गल्ली जमलेली. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. आरशांना झेंडूचे हार. चारही चाकांखाली लिंबं. शेजारच्या मावशी सगळ्यांना ओलं खोबरं वाटत होत्या.

"तीन दिवस झाले गाडी दारात उभी हाय," मावशी म्हणाल्या, "अन् तुम्ही साधा नारळ फोडला न्हाई. म्हणलं मॅडमला सवड न्हाई, आपणच करून टाकू."

"अहो, ही अजून आपली नाही!" मी ओरडलेच.

"आता झाली की," सासूबाई म्हणाल्या. हळदीने त्यांचीही बोटं पिवळी झालेली. "पूजा झालेली गाडी कुणी परत करत असतं व्हय?"

खरं सांगते, मला हायसं वाटलं. ठरवायचं ओझं परस्पर उतरलं होतं. चेहरा मात्र मी वैतागलेलाच ठेवला. नवऱ्याने कपाळाला हात लावला. "घ्या! पडली गळ्यात," म्हणाला आणि त्यानेच व्यापाऱ्याला फोन लावला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

मी पडेल आवाजात सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "आता काय इलाज? घ्यावीच लागणार."

पलीकडे तो खळखळून हसला. "एवढंच ना मॅडम? कुंकू ओल्या फडक्यानं निघतं. तुम्ही आणून लावा, मी एक शब्द बोलणार न्हाई. पूजा झाली म्हणून घेऊ नका. तुम्हाला पाहिजे का, तेवढं सांगा."

माझं सोंग त्या भल्या माणसाने अलगद काढून घेतलं. नवरा फोन माझ्यापुढे धरून उभा. इतक्या वर्षांच्या संसारात, माहेरची वर्षं धरूनसुद्धा, असं मला कुणी विचारलेलं आठवेना. काय लागतं, किती लागतं, कशाला लागतं, हे सगळे विचारत. मीही स्वतःला तेच विचारत आले होते. खोबऱ्याचा तुकडा हातात तसाच राहिला आणि डोळे भरून आले. एवढ्या बायांसमोर, एका जुन्या गाडीपायी.

"पाहिजे," मी म्हणाले. मग फोनजवळ तोंड नेऊन पुन्हा म्हणाले. "पाहिजे. कामाची बिलकुल नाही. पण मला फार आवडलीय. मी घेते."

मला वाटलं होतं, आता कुणीतरी कारण विचारेल. कुणी विचारलं नाही. मावशींनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, नवऱ्याने वाकून चाकांखालची लिंबं नीट केली, आणि सासूबाई तर तोवर दार उघडून पुढच्या सीटवर बसल्यासुद्धा होत्या.