लोर्नाच्या मासोळ्यांचे डोळे

रेंजलीच्या तळ्यावर गिऱ्हाइकांना मासेमारीला नेणाऱ्या एल्डनच्या नजरेत लोर्ना थिबोडो पहिल्यांदा भरली ती दुकानात, गोंदाच्या नळ्या उलटसुलट करून वाचताना. गळावर पिसं बांधून ती मोठ्या माशांना भुलवणाऱ्या खोट्या मासोळ्या करायची. मागच्या मोसमात त्यांचे चिकटवलेले डोळे पाण्यात निखळले होते आणि गावभर चेष्टा झाली होती.

"तळ्यावरचा बर्फ फुटून मासेमारी सुरू व्हायला चार दिवस आहेत. सहा करून दे," एल्डन म्हणाला. "डोळे टिकले तर पुढचं सगळं काम तुझं."

लोर्ना घरी आली ती खुर्चीला टेकलीच नाही. झटपट गोंदाने तिने डोळे बसवले आणि ओल्यातच डबीत झाकून ठेवले. सकाळी एल्डन तिच्याकडे आला आणि त्याने डबी उघडली.

"अगं, सहाही जणींना मोतीबिंदू झालाय!"

"गोंदाची वाफ धरली मेली. हसू नकोस, कॉफी पी आणि नीघ."

मग तिने दोन नळ्यांतला कालवून लावायचा, सावकाश सुकणारा गोंद घेतला. तो घट्ट होईपर्यंत मासोळी फिरवत ठेवावी लागते, नाहीतर डोळा ओघळतो. एकेक मासोळी बोटांत फिरवत ती स्वयंपाकघरात येरझारा घालत राहिली. मधूनच टाचणीने टोचून बघायची, पुटपुटायची.

बर्फ फुटला त्या संध्याकाळी एल्डनने सहाही मासोळ्या तिच्या टेबलावर ठेवल्या. एकीची पिसं माशाने ओरबाडली होती, पण डोळे बाराच्या बारा जागेवर होते.

"आता तरी बस ना बाई."

"बसते. आधी किती हव्यात ते सांग."

लोर्ना आता एकाहत्तर वर्षांची आहे आणि एल्डनच्या सगळ्या मासोळ्या तीच करते.