सरंजामेंची बदली आणि मिरचीचे हात

दोंडाईच्याच्या झुंबरबाई हिवाळाभर मिरचीच्या पथारीवर, म्हणजे लाल मिरची वाळत घालतात त्या मैदानावर, देठ खुडायला जातात. वय चौसष्ट. पती शालिग्राम यांना जाऊन अकरा वर्षं झाली. एकुलती मुलगी चारुलता धुळ्यात असते आणि आईने आपल्याकडे यावं म्हणून दर दिवाळीला भांडते. झुंबरबाईंचं उत्तर ठरलेलं असे : ‘शनवारले बाया येतस.’

बाया यायच्या त्या ‘तिसरा धागा’ बघायला. ही गुप्तहेर मालिका एकोणीस वर्षं चालू आहे. शनिवारी संध्याकाळी सातला पथारीवरच्या सात-आठ जणी आग होणाऱ्या हातांना तेल चोळून झुंबरबाईंच्या पुढच्या खोलीत बसत. नियम एकच. दुसऱ्या जाहिरातीला प्रत्येकीने खुनी कोण ते सांगायचं; ज्यांचं चुकेल त्यांनी पुढच्या शनिवारी चहा करायचा. झुंबरबाईंवर ही पाळी क्वचित आली. त्या संवाद फारसे ऐकत नसत, माणसांचे हात बघत.

गेल्या वर्षी जुन्या नटांनी एकदमच मालिका सोडली. इन्स्पेक्टर सरंजामेंची बदली झाली, असं दोन वाक्यांत सांगून त्यांच्या खुर्चीत एक तरुण इन्स्पेक्टर बाई आणून बसवली. हवालदारही नवा.

‘जातांना सत्कार तरी करतस का नही?’ शेजारच्या बेबाबाई म्हणाल्या. ‘आमना तलाठीलेबी नारळ देल व्हता.’

पुढच्या शनिवारी त्या आल्या नाहीत. ‘तो नही ते काय देखानं, अक्का?’ मग एकेक करत सगळ्याच थांबल्या. झुंबरबाई एकट्या बघत राहिल्या. नवी मंडळी त्यांना आवडत होती असं नाही. टीव्ही बंद ठेवला तर शनिवार उरणार नव्हता. चारुलताने फोनवर नेमकं तेच पकडलं.

‘बाया येतच नाहीत ना आता? मग संक्रांत झाली की गाडी घेऊन येते.’

या वेळी झुंबरबाई ‘नाही’ म्हणाल्या नाहीत. चहाचं मोठं पातेलं त्यांनी बेबाबाईंना देऊन टाकलं.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी बेबाबाई वाटीभर तीळ द्यायला आल्या, तेव्हा मालिका चालू होती. पडद्यावर एक साक्षीदार सांगत होता, ‘मी दिवसभर मिरचीच्या गोदामात पोती भरत होतो.’ बोलता बोलता त्याने दोन्ही डोळे चोळले.

झुंबरबाई उठून उभ्या राहिल्या. ‘हाऊ खोटं बोलस! मिरचीना हात डोयाले लावा अन् वरडना नही?’

बेबाबाई वाटी घेऊन तिथेच खाली बसल्या. ‘हाऊच खुनी. लिही ठेव.’

खुनी निघाला मृताचा भाचा. गोदामातला माणूस मालिकेच्या हिशेबाने खरंच बोलत होता. डोळे नटाने सहज चोळले असावेत. इन्स्पेक्टर बाईंनी त्याचे आभार मानून त्याला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी पथारीवर दुपारपर्यंत दुसरा विषय नव्हता. बिचाऱ्या भाच्याला उगाच आत टाकलं, यावर एकमत होतं. कॉलेजात शिकणारी मोहिनी तेवढी म्हणाली, ‘तो नट होता, मावशी. त्याच्या हाताला कुठली मिरची?’

‘मंग मिरचीनं नाव कसाले लिधं?’ बेबाबाई कडाडल्या. सरंजामे असते तर आधी त्याचे हात हुंगले असते, असं एकीने सांगितलं. सरंजामेंनी इतक्या वर्षांत कुणाचेही हात हुंगल्याचं कुणाला आठवेना, पण त्यावर कुणी वाद घातला नाही.

पुढच्या शनिवारी साडेसहालाच बेबाबाई पातेलं घेऊन हजर. मागोमाग सहा जणी आल्या, मोहिनीसुद्धा. नवी बाई चूक कबूल करते का, हे त्यांना बघायचं होतं. चहा कोण ठेवणार यावरून आधी भांडण झालं. मालिकेच्या निकालाप्रमाणे चुकल्या होत्या झुंबरबाई आणि बेबाबाई. दोघीही जागच्या हलल्या नाहीत. शेवटी मोहिनीने आधण ठेवलं.

सात वाजता चारुलताचा फोन आला. उद्या गाडी किती वाजता आणू, ती विचारत होती.

‘गाडी नको आणू, माय,’ झुंबरबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. ‘त्या भाचाले आजून सोडं नही.’