सात नंबरचं टेबल

माझ्या धाकट्या काकूने आयुष्यात एकदाच कुणाचा तरी सूड घेतला. घाईने नाही, रागाच्या भरातही नाही. आणि तोही बारा वर्षांनी.

आई आणि काकू सख्ख्या जावा. एकाच घरात राहायच्या, एकाच लॉन्ड्रीत कामाला जायच्या. हॉटेलांच्या चादरींचे ढीग तिथे गाड्या भरभरून यायचे. काकू इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर होती. आई सात नंबरच्या टेबलावर, आणखी तिघींबरोबर घड्या घालायची. कुणी किती गठ्ठे केले ते फळ्यावर खडूने लिहायचं असे.

एका वर्षी विद्यापीठातून एक मुलगी आली. समाजशास्त्राची विद्यार्थिनी. नुसती पुस्तकं वाचून भागत नाही, लोकांबरोबर काम करून शिकायचं, म्हणून तीन महिने तिला लॉन्ड्रीत धाडलं होतं. सारखी काहीतरी लिहीत असायची, म्हणून बायकांनी तिचं नाव वहीवाली ठेवलं. पोरगी कामाला वाईट नव्हती. काकूला तर तिचा इतका लळा लागला, की तिने तिला घरी आणलं, जेवू घातलं. वहीवाली विचारत गेली आणि काकू सांगत गेली.

सांगितलेल्यात एक गोष्ट सांगू नये अशी होती. आजीला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागे, तेव्हा आई दुपारी मागच्या दाराने सटकायची. टेबलावरच्या तिघी आपले गठ्ठे तिच्या नावापुढे लिहायच्या. त्यांच्यापैकी कुणाला अडचण आली, की आई त्यांच्यासाठी तेच करायची. मॅनेजरला पत्ता नव्हता.

वहीवालीने हे सगळं प्रबंधात लिहिलं. मोठ्या कौतुकाने लिहिलं, बायका एकमेकींना कशा सांभाळून घेतात म्हणून. नावं बदलली, पण टेबलाचा नंबर तोच ठेवला. आणि आभार मानायला म्हणून एक छान बांधलेली प्रत मॅनेजरला नेऊन दिली.

चौघींना एकाच दिवशी घरी बसवलं. आईची पेन्शन दोन वर्षांवर आली होती. ती गेली. काकू रोलरवर असल्यामुळे वाचली, आणि तेच तिला भोवलं.

"तूच आणलंस तिला घरात," आई काकूला म्हणाली.

त्यानंतर ती काकूशी बोललीच नाही. एकाच स्वयंपाकघरात दोघी, मध्ये मी. "तुझ्या काकूला सांग, नळ गेलाय." "आईला सांग, मला कळलंय." पाचवीपासून पुढची बारा वर्षं मी हे निरोप पोचवले.

काकू लॉन्ड्रीत टिकून राहिली आणि शेवटी मुकादम झाली. जुना मॅनेजर कधीच गेला होता. अशात विद्यापीठातून पुन्हा विचारणा आली, आणि बोलणी करायला खुद्द बाई आल्या. वहीवालीच. आता प्राध्यापक, चष्मा, केसांत पांढरी बट. काकूला तिने ओळखलं नाही.

"तुमच्यासारख्यांकडूनच आमची मुलं खरं शिकतात, मावशी," ती म्हणाली.

घरी येऊन काकू मला म्हणाली, "माझ्या ताटात जेवली होती गं ती. आणि माझा चेहरासुद्धा लक्षात नाही. तेव्हाच ठरवलं, हिला सोडायची नाही."

तिने तीन विद्यार्थी घेतले, दोन मुली आणि एक मुलगा. पंधरा दिवस त्यांच्याकडून ओल्या चादरी उपसून घेतल्या. मग त्यांच्या हातात चार पत्ते ठेवले. "या बायकांना काम का सोडावं लागलं, ते शोधा. मी काही सांगणार नाही."

पोरं घरोघर फिरली, विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली. आठवड्याभराने त्यांच्यातली एक मुलगी पांढऱ्याफटक चेहऱ्याने काकूपुढे उभी राहिली.

"मावशी, तो प्रबंध आमच्या मॅडमचा आहे."

"हो का?" काकूने रोलरवरची नजर काढली नाही.

"आता आम्ही काय करायचं?"

"जे सापडलं ते लिहायचं आणि सगळ्यांसमोर वाचायचं. माझ्या सहीशिवाय तुम्हाला मार्क मिळत नाहीत, हेही लक्षात असू द्या."

वाचनाच्या दिवशी काकू पुढच्या रांगेत बसली, मी शेजारी. मुलांनी चारही घरांतलं बोलणं जसंच्या तसं वाचलं. एकीने भांडी घासून संसार ओढला. एकीच्या मुलीची शाळा सुटली. विभागप्रमुख मान खाली घालून ऐकत होते. बाईंच्या हातातलं पेन थांबलं होतं.

"मी नावं बदलली होती," त्या कशाबशा म्हणाल्या.

"मॅडम, टेबलाचा नंबर बदलला नव्हता," मुलगा म्हणाला.

तेव्हा काकू उठली. "मला ओळखलंत का आता?"

बाई रडायला लागल्या. काकू मला नंतर म्हणाली, "रडवायचंच होतं मला. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?"

दुसऱ्या दिवशी बाई लॉन्ड्रीत माफी मागायला आल्या. काकूने त्यांना दारातच अडवलं. "माझी नको. चार घरं आहेत, चार वेळा मागायची. मी सोबत येते." आणि खरंच तिने त्यांना भर उन्हात चालवत नेलं. पहिलीने अर्ध्या वाक्यात हाकललं. दुसरी ऐकून हसली, ते हसणं शिवीपेक्षा वाईट होतं. तिसरी वारली होती. "सुनेसमोर म्हणा," काकू म्हणाली. त्यांनी सुनेसमोर म्हटलं.

चौथं घर आमचं. आई उंबऱ्यात उभी राहिली, बाईंना आत घेतलं नाही. सगळं ऐकून घेतलं.

"नंबर का नाही बदललास?"

"लक्षात नाही आलं."

"लक्षात नाही आलं," आईने तेच शब्द सावकाश म्हटले आणि दार लावून घेतलं.

काकू मागच्या दाराने आत आली. आई तिच्याकडे वळली.

"तिला मी माफ केलेलं नाही. तुलाही नाही."

"नका करू," काकू म्हणाली. "पण बोललात."

 निरोप पोचवायचं माझं काम त्या दिवसापासून संपलं. आता त्या दोघी थेट भांडतात.

विद्यापीठाने बाईंकडून बाहेरच्या कामाचे विद्यार्थी काढून घेतले. आता जे येतात, त्यांना लिहिलेलं आधी बायकांना वाचून दाखवावं लागतं. काकू तांबडं पेन घेऊन बसते आणि नको ते खोडते. परवा एका मुलाची अख्खी चार पानं गेली. तो कुरकुरला, तर त्याच्यापुढे ओल्या चादरींची गाडी ढकलून ती म्हणाली, "अजून वाचून व्हायचंय माझं. तोवर हे कर."